पाण्याचे मीटर आधी कुणाच्या दारात?

२०२५ च्या जून महिन्यात ‘केंद्र सरकार आता शेतकऱ्यांच्या विहिरीच्या पाण्यावर कर बसवणार’ अशी बातमी गावोगावच्या मोबाइलवर फिरली. लाभक्षेत्र विकास आणि जलव्यवस्थापनाच्या आधुनिकीकरणासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये १,६०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली होती आणि तिचेच हे विपर्यस्त रूप होते. जलशक्ती मंत्रालयाने असा कोणताही कर नसल्याचा खुलासा केला, पण खुलासा बातमीच्या वेगाने कधीच पोहोचत नाही. आमच्या भागात अजूनही पाण्याच्या मीटरचा विषय निघाला की बैठकीचा सूर बदलतो. मीटर म्हणजे बिल आणि बिल म्हणजे वसुली, एवढेच समीकरण लोकांच्या मनात पक्के बसले आहे आणि त्यासाठी मी त्यांना दोष देऊ शकत नाही, कारण सरकारी यंत्रणेने मीटरचा उल्लेख बहुतेक वेळा वसुलीच्याच संदर्भात केलेला आहे.

तरीही मला मीटर हवे आहेत. मी परभणी जिल्ह्यात, जायकवाडी धरणाच्या डाव्या कालव्याच्या पुच्छ भागात राहते. हा कालवा पैठणहून निघून २०८ किलोमीटर वाहतो. त्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला पाणी मोजले जाण्याची जितकी गरज आहे, तितकी वरच्या कुणालाच नाही, कारण ज्याच्या शेताजवळून पाणी आधी जाते त्याला मोजणीवाचूनही पाणी मिळतेच. मोजले न गेलेले पाणी नेहमी वरच्या बाजूलाच मुरते. म्हणून मीटर असावा की नसावा, यावर माझे मत कधीच डळमळले नाही. माझी तक्रार आहे ती मोजणीच्या क्रमाबद्दल. आपल्याकडचे नियम कागदावर वाचले तर ते धरणापासून नळापर्यंत सगळीकडे पाणी मोजायला सांगतात. प्रत्यक्षात मात्र मीटर बसवण्याची घाई सर्वांत लहान वापर करणाऱ्याच्या दारात दिसते आणि मोठ्या वापराकडे जावे तशी ती थंडावत जाते.

आकडे डोळ्यांसमोर ठेवले तर हा उलटा क्रम लगेच लक्षात येतो. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागातील प्रत्येक माणसाला दररोज ५५ लिटर पाणी घरच्या नळाने देण्याचे उद्दिष्ट आहे. हजार वस्तीच्या गावाला या हिशेबाने दिवसाला ५५ हजार लिटर, म्हणजे वर्षाला सुमारे दोन कोटी लिटर पाणी लागते. आता एक एकर उसाचा हिशेब करू. उसाला वर्षभरात दोन मीटर उंचीचे पाणी लागते असे धरले, तर एका एकराला सुमारे ८१ लाख लिटर होतात. त्यातला काही भाग पावसाचा असतो हे मान्य करूनही असे दिसते की, हजार माणसांच्या वर्षभराच्या पिण्याच्या, स्वयंपाकाच्या, आंघोळीच्या आणि धुण्याभांड्यांच्या पाण्यात जेमतेम अडीच एकर ऊस निघतो. सेकंदाला पाच लिटर पाणी फेकणारा एखादा पंप रोज आठ तास चालला, तर तो दिवसाला १ लाख ४४ हजार लिटर पाणी काढतो; म्हणजे अख्ख्या गावाची अडीच दिवसांची गरज एका पंपाने एका दिवसात उपसलेली असते.

हे मी ऊस लावणाऱ्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासाठी लिहीत नाही. ज्या पिकाला कारखाना खात्रीने घेऊन जातो आणि ज्याला हमखास दर आहे, ते पीक शेतकरी लावणारच. पण मोजणीची यंत्रणा उभी करताना पहिला रुपया कुठे खर्च करावा, हे ठरवायचे असेल तर घरगुती नळाला त्या यादीत अगदी शेवटचे स्थान मिळायला हवे.

देशपातळीवरचा नियम पाहिला तरी हाच प्रश्न समोर येतो. केंद्रीय भूजल प्राधिकरणाने २४ सप्टेंबर २०२० रोजी भूजल उपशाविषयी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत उद्योगांना, खाणींना आणि मोठ्या बांधकाम प्रकल्पांना ना-हरकत प्रमाणपत्र घेणे, छेडछाड करता येणार नाही असे डिजिटल प्रवाहमापक बसवणे आणि त्यांची नोंद दूरमापन (टेलिमेट्री) पद्धतीने पाठवणे बंधनकारक केले आहे. घरगुती पिण्याचे पाणी, ग्रामीण पाणीपुरवठा योजना, दिवसाला दहा घनमीटरपेक्षा कमी पाणी काढणारे सूक्ष्म व लघुउद्योग आणि शेती यांना त्यातून सूट आहे. देशात वर्षाला सुमारे २४५ अब्ज घनमीटर भूजल उपसले जाते आणि त्यातले ८७ टक्के शेतीसाठी जाते. म्हणजे ज्या ठिकाणी सर्वांत जास्त उपसा होतो, त्या ठिकाणी नियम थांबतो. या सवलतीमागचे कारण मला समजते. दोन एकरांच्या शेतकऱ्याकडून ना-हरकत प्रमाणपत्र मागणे हा अन्याय झाला असता आणि तो शेतकरी तहसीलच्या खेट्यांतच संपला असता. परंतु दोन एकरांचा शेतकरी आणि पाच विंधन विहिरींतून शेततळी भरून घेणारा मोठा बागायतदार यांना एकाच सवलतीत बसवले, की त्या सवलतीचा बहुतेक लाभ दुसऱ्याकडे जातो.

महाराष्ट्राची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण कायद्यांच्या बाबतीत आपण मागे नव्हतो. चितळे आयोगाने, म्हणजे माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या जल व सिंचन आयोगाने, १९९९ मध्ये अहवाल दिला. त्यानंतर २००३ मध्ये राज्याचे जलनीती धोरण आले आणि २००५ मध्ये दोन महत्त्वाचे कायदे झाले. पहिल्याने महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन केले. पाण्यासाठी असे स्वतंत्र नियामक प्राधिकरण उभारणारे आपले राज्य देशात पहिले. दुसरा कायदा सिंचन पद्धतीचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे सोपवण्याचा. या दुसऱ्या कायद्याचा गाभा असा की, कालव्याचे पाणी एकेका शेतकऱ्याला पिकाच्या क्षेत्रावर न देता पाणी वापर संस्थेला घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून द्यायचे. संस्थेने त्या मापाचे पैसे भरायचे आणि आपल्या सभासदांमध्ये पाणी कसे वाटायचे, कोणती पिके घ्यायची, हे स्वतः ठरवायचे. संस्थेच्या व्यवस्थापन समितीत शीर्ष, मध्य आणि पुच्छ या तिन्ही भागांना समान प्रतिनिधित्व आहे. हे कलम ज्याने लिहिले, त्याला कालव्याच्या शेवटाला काय चालते ते नक्की माहीत असावे.

जुन्या पद्धतीत सात नंबरचा पाणी मागणी अर्ज भरायचा, शेजपाळीत आपला क्रम लागायचा आणि पाणीपट्टी एकरावर आणि पिकावर आकारली जायची. तीत पाणी कमी मिळाले तरी पट्टी तेवढीच आणि रात्रभर चारी फोडून घेतले तरीही तेवढीच. दोन पाळ्यांऐवजी एकच पाळी मिळाली तर शेतकरी तक्रार कशाच्या आधारावर करणार? त्याला मिळालेल्या पाण्याचा आकडाच कुठे नव्हता. घनमापन पद्धतीने हा आकडा पहिल्यांदा शेतकऱ्याच्या हातात दिला, निदान कायद्याने तरी दिला, आणि त्याला ‘पाणी वापर हक्क’ असे नाव दिले. हक्क मोजता येत नसेल तर तो मागताही येत नाही, म्हणून माझ्या मते २००५ च्या या दोन कायद्यांमधली मोजणीची तरतूद ही दरांच्या तरतुदीपेक्षा कितीतरी मोलाची आहे.

हे प्रत्यक्षात होऊ शकते, याचा दाखला नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पावर मिळतो. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राने बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने १९९० च्या सुमारास तिथे पाणी वापर संस्थांचे काम सुरू केले, आणि ते सुरू झाले ते वरच्या बाजूने नव्हे, तर पाणी पोहोचतच नव्हते अशा पुच्छ भागातून. महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा या पहिल्या तीन संस्था. त्यांनी पाणी मोजून घेतले, सभासदांना हिशेबाने वाटले, पुढे संपूर्ण प्रकल्पावर संस्था उभ्या राहिल्या आणि आज त्या भागातल्या द्राक्षबागांकडे पाहिले तर मोजलेल्या पाण्याने शेतकरी बुडतो ही भीती टिकत नाही. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, कायदा २००५ चा आणि वाघाडचे काम त्याच्या कितीतरी आधीचे. लोकांनी मोजणी मागितली होती, कारण तिच्याशिवाय त्यांच्या वाट्याला काहीच येत नव्हते.

मग ही पद्धत सर्वत्र का रुजली नाही? याचे उत्तर मोजणीच्या ठिकाणी जाऊन उभे राहिल्याशिवाय कळत नाही. वितरिकेवर, म्हणजे कालव्याच्या फाट्यावर, पाणी मोजण्यासाठी सिमेंटची एक अरुंद खाच बांधलेली असते. पाणी त्या गळ्यातून जाताना जी उंची गाठते, ती बाजूच्या गेजपट्टीवर वाचायची आणि तक्त्यावरून प्रवाह काढायचा, इतकी ही पद्धत साधी आहे. पण तिची अट अशी की, खाचेतून पुढे गेलेले पाणी मोकळे वाहून गेले पाहिजे. पुढच्या चारीत गाळ साठला, गवत वाढले किंवा कुणी पोती टाकून पाणी अडवले, तर खाचेतले पाणी मागे फुगते, गेजपट्टी चढा आकडा दाखवते आणि संस्थेच्या नावावर न मिळालेले पाणी लिहिले जाते. आमच्या भागातल्या एका वितरिकेवर मी जी गेजपट्टी पाहिली, तिचे सेंटिमीटरचे आकडे शेवाळाखाली गेलेले होते आणि खालच्या बाजूला वेड्या बाभळीची रोपे उगवलेली होती. अशा ठिकाणी पाणी सोडल्याची नोंद होते ती अंदाजानेच, आणि अंदाज करण्याचा अधिकार ज्याच्याकडे असतो त्याचाच शब्द चालतो. गेजपट्टी घासून स्वच्छ करायला, रंगवायला आणि पुढची दहा-वीस मीटर चारी साफ ठेवायला जो खर्च येतो, तो एका डिजिटल मीटरच्या किमतीपुढे नगण्य आहे. सुरुवातीला सांगितलेल्या केंद्राच्या नव्या योजनेत संवेदक येणार, माहिती थेट संगणकावर जाणार, हे मी वाचले आहे आणि त्याचे मी स्वागतच करते. फक्त ज्या यंत्रणेला साधी पट्टी वाचनीय ठेवता आलेली नाही, तिच्या हाती संवेदक दिल्यावर त्याची बॅटरी कोण बदलणार, हे त्या योजनेच्या पहिल्या पानावर लिहिलेले असावे, एवढीच माझी अपेक्षा आहे.

मोठ्या पातळीवर मोजणीने काय साधते, हे मराठवाड्याने पाहिलेले आहे. नाथसागराचा, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचा, उपयुक्त साठा २,१७१ दशलक्ष घनमीटर, पण वरच्या बाजूला नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत धरणे वाढत गेली तसा तो भरेनासा झाला. तेव्हा वाद होत असत ते भावनेच्या भरात. वरच्यांना वाटे की आमचे पाणी पळवले जाते, खालच्यांना वाटे की आम्हाला कोरडे ठेवले जाते. १९ सप्टेंबर २०१४ रोजी जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने समन्यायी वाटपाचा आदेश दिला. १५ ऑक्टोबर या तारखेला जायकवाडीची स्थिती ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून, त्यांच्या त्यांच्या साठ्याच्या प्रमाणात, पाणी सोडले पाहिजे असे त्यात ठरले आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात हे तत्त्व टिकले. आंदोलने थांबली नाहीत, सोडलेल्या पाण्यापैकी नदीपात्रात किती मुरले याचे वाद आजही होतात. पण एक तारीख, एक टक्केवारी आणि सर्वांना पाहता येणारा साठ्याचा आकडा यांमुळे त्या वादाला एक जमीन मिळाली. मराठवाड्याच्या माणसाने हात जोडण्याची गरज राहिली नाही. त्याने आकडा दाखवला की पुरेसे होते. धरणाच्या पातळीवर जे झाले, ते वितरिकेच्या पातळीवर का होऊ नये?

भूजलाची बाजू मात्र फार अवघड आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमिनीच्या मालकाला आपल्या जमिनीखालचे पाणी काढण्याचा अधिकार आहे अशी आपली धारणा झालेली आहे आणि विहीर खणणारा माणूस ते पाणी आपलेच समजतो. महाराष्ट्राने १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या उद्भवाचे (म्हणजे स्रोताचे) रक्षण करणारा कायदा केला, ज्यात सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन होते. त्यानंतर २००९ चा भूजल विकास व व्यवस्थापन कायदा आला आणि तो २०१४ मध्ये लागू झाला. त्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध, विहिरींची नोंदणी आणि विंधन यंत्रांची नोंदणी अशा तरतुदी आहेत. २०१८ मध्ये त्याच्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हा मोठा गदारोळ झाला. मसुद्याला विरोध करणाऱ्यांचे सगळेच चुकत होते असे मला वाटत नाही. नोंदणी, उपकर, पिकांवर बंधने हे सगळे एकाच कागदात समोर आले आणि ‘तुमच्या गावाखाली किती पाणी आहे’ हे सांगणारा कागद मात्र कुणी आधी दिलेला नव्हता. ज्याला शिल्लक किती ते माहीत नाही, त्याच्यापुढे खर्चाची मर्यादा ठेवली तर तो रागावणारच.

विजेच्या मीटरचा अनुभव इथे आठवल्यावाचून राहत नाही. २००३ च्या वीज कायद्याने मीटरशिवाय वीज देऊ नये असे स्पष्ट सांगितले. तरी राज्यातल्या कृषिपंपांपैकी मोठा भाग वर्षानुवर्षे अश्वशक्तीच्या हिशेबाने बिल घेत राहिला. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज मिळू लागल्यावर तर मीटर वाचण्यात कुणालाच रस उरला नाही. त्याचा तोटा झाला तो शेतकऱ्याचाच. शेतीच्या नावावर दाखवल्या जाणाऱ्या विजेपैकी खरोखर शेतात किती जाते आणि किती गळते किंवा चोरली जाते, हा वाद मीटरअभावी कधीच मिटला नाही आणि ‘शेतकरी फुकटची वीज खातो’ हे वाक्य शहरात सहज बोलले जाऊ लागले. पाण्याच्या बाबतीतही हेच होण्याची मला धास्ती आहे. मोजणी नसली की दोष सर्वांत दुबळ्याच्या माथी येतो.

म्हणून भूजलासाठी प्रत्येक विहिरीवर मीटर हा मार्ग मला आज तरी योग्य वाटत नाही. त्याआधी गावाचा ताळेबंद हवा. पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली, तेव्हा पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता घरातल्या माणसांवर ठरवला. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल इतके पाणी, भूमिहीनांनाही वाटा आणि उसाला पाणी नाही, असा तो नियम होता. हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली पावसाची मोजणी करून त्यावरून गावाचे जलअंदाजपत्रक ग्रामसभेत मांडण्याची प्रथा पाडली आणि शेतीसाठी विंधन विहीर घ्यायची नाही असे ठरवले. या दोन्ही ठिकाणी प्रत्येक विहिरीला मीटर नव्हता, पण पाणी मोजलेले होते आणि ते कुणाच्या वाट्याला किती, हे सगळ्यांना ठाऊक होते. २५ डिसेंबर २०१९ रोजी सुरू झालेल्या अटल भूजल योजनेने हाच विचार सात राज्यांत नेला. त्या योजनेत राज्याला मिळणाऱ्या पैशाचा एक भाग भूजलाची माहिती लोकांसमोर खुली करण्याशी जोडलेला होता. सरकारी योजनांमध्ये इतकी शहाणी अट मी क्वचितच पाहिली आहे. महाराष्ट्रातले १३ जिल्हे त्यात होते. परभणी त्यात नव्हता, याची खंत वाटते.

आता घरच्या नळाकडे येते, कारण गावात मीटर म्हटले की लोकांना हाच मीटर आठवतो. आमच्या गावाच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत मी काम करते. जलजीवन मिशनच्या नियमांप्रमाणे या समितीत निम्म्या महिला असाव्या लागतात. गावात पाणी येते दिवसाआड आणि उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा. काही घरांत मीटर बसवलेले आहेत. पाणी सुटण्याच्या आधी अशा एखाद्या मीटरजवळ उभे राहिले, तर तोटीतून पाण्याचा थेंबही न पडता आधी हवेचा सोसाट्याचा आवाज येतो आणि काचेखालची लहानशी लाल चक्री गरगर फिरू लागते. रिकाम्या नळातली हवा पाण्याच्या दाबाने पुढे ढकलली जाते आणि मीटर ती पाणी म्हणून मोजतो. मग पाणी येते, पण दाब इतका कमी असतो की लोक नळाला थेट मोटार लावतात. ज्याची मोटार मोठी त्याला जास्त पाणी आणि शेजारणीच्या नळाला नुसता फेस. उलट जिथे पाणी अगदी बारीक धारेने टिपूस टिपूस येते, तिथे यांत्रिक मीटर फिरतच नाही. गाळ आणि क्षार यांनी चक्री जाम होते ती गोष्ट वेगळीच. अशा मीटरवरून एखाद्या विधवा बाईला बिल पाठवणे आणि तिने ते न भरल्यास जोडणी तोडणे, याला मी पाणी व्यवस्थापन म्हणू शकत नाही.

घरगुती मीटर अजिबात नकोत असे नाही. कराडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणी आणि मीटर या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या. नळात सतत दाब असल्यामुळे हवा शिरत नाही, मीटर खरे बोलतो, आणि टप्प्याटप्प्याने वाढणाऱ्या दरांमुळे गरजेपुरते पाणी वापरणाऱ्याला स्वस्त आणि उधळणाऱ्याला महाग पडते. पाणी केव्हाही मिळते म्हटल्यावर लोकांनी साठवून ठेवणे आणि दुसऱ्या दिवशी ते ओतून देणे सोडले. म्हणजे आधी सातत्याने पाणी आणि मग मीटर, हा क्रम तिथे पाळला गेला. ज्या गावात पाणी दिवसाआड तासभर येते, तिथे मीटर आधी बसवून पाण्याचे वचन नंतर देणे हे त्याच्या नेमके उलट आहे. आमच्यासारख्या गावाला आज एकच मीटर पुरेसा आहे, तो म्हणजे उद्भवावरचा, गावाचे एकूण पाणी मोजणारा ठोक मीटर आणि शक्य झाल्यास जलकुंभातून बाहेर पडणाऱ्या वाहिनीवर दुसरा. या दोहोंतला फरक म्हणजे वाटेत गळलेले पाणी. जलकुंभातून सुटलेल्या पाण्याला वस्तीने भागले की माणशी ५५ लिटर खरोखर मिळतात का, हे पाचवीतले मूल सांगू शकते. हे दोन आकडे रोज लिहिले गेले तर गळकी वाहिनी शोधता येते, पंप किती तास चालला आणि वीजबिल का वाढले ते कळते आणि पाणीपट्टी किती ठेवावी यावर ग्रामसभेत हातघाईवर न येता बोलता येते.

पाणीपट्टीचा उल्लेख आलाच आहे तर थोडे त्याबद्दल. आमच्याकडे ती वर्षाला ठरावीक असते आणि तीही निम्मीअर्धी वसूल होते. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतील ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला गेला, म्हणून अनेक ग्रामपंचायतींची योजना कशीबशी चालली. पण दर महिन्याचे वीजबिल, वाहिनीची दुरुस्ती, शुद्धीकरणाची पावडर आणि पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार हे खर्च निधीवर कायमचे चालू शकत नाहीत. लोक पैसे देत नाहीत याचे मुख्य कारण गरिबी नव्हे. आपण दिलेल्या पैशाचे पाणी आपल्यापर्यंत आले की नाही, हे त्यांना दिसत नाही. मागच्या गल्लीतल्या एका आजींनी मला विचारले होते, “अगं बाई, टाकीतनं किती सुटतं तेच कुणाला ठावं नाही, मंग मी कशाचं पैसं भरू?” त्यांच्या या प्रश्नाचे उत्तर ठोक मीटरच देऊ शकतो, त्यांच्या दारातला मीटर नव्हे.

आमच्या उद्भव विहिरीवर ठोक मीटर बसलेला आहे. त्याच्या काचेच्या आत बाष्प धरले होते, त्यामुळे आकडे नीट वाचता येत नव्हते आणि नोंदवहीत रोज एकच संख्या थोड्या फरकाने लिहिली जात होती. समितीने तो उतरवून दुरुस्त करून घेतला आणि आता आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायला सुरुवात झाली आहे. पहिल्या आठवड्यात कुणी फिरकले नाही. नंतर वरच्या आळीतल्या मुली शाळेत जाताना तो आकडा वहीत उतरवून घेऊ लागल्या आणि त्यानंतर एका दिवशी पाणी कमी सुटल्यावर फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या बायकांनी कारण विचारले. पाणी सोडणाऱ्या भाऊंनी प्रामाणिकपणे सांगितले की, रात्री वीज गेली आणि टाकी अर्धीच भरली. ते कारण सगळ्यांनी मान्य केले.

येत्या ग्रामसभेत आम्ही दोन ठराव मांडणार आहोत. पहिला असा की, पुरवठ्याला किमान रोज पुरेसा दाब मिळत नाही तोपर्यंत घरगुती मीटरवरून आकारणी करू नये आणि त्याऐवजी ठोक मीटरचे रोजचे वाचन फळ्यावर लिहावे. दुसरा ठराव कालव्याचा आहे: रब्बीचे आवर्तन सुटण्यापूर्वी आमच्या वितरिकेवरची गेजपट्टी साफ करून रंगवावी, प्रवाहाचा तक्ता शेजारच्या भिंतीवर मराठीत लावावा आणि आवर्तनाच्या काळात सकाळ-संध्याकाळ जे वाचन घेतले जाईल त्यावर शीर्ष आणि पुच्छ अशा दोन्ही भागांतल्या प्रत्येकी एका शेतकऱ्याची सही असावी. रंगाचा खर्च गाव करायला तयार आहे.